भिंतीवर काळा रंग पडत नसतो: जुन्या प्रोजेक्टरपायी गेलेले 31,950 रुपये

31,950 रुपये गेले. लहान बँडबरोबर फिरणाऱ्या, स्टेजची व्हिज्युअल्स, म्हणजे मागच्या पडद्यावरची हलती चित्रं, घरच्या घरी करणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय, कारण जुना प्रोजेक्टर विकतो म्हणून पैसे उकळणारा हा माणूस नेमका आपल्यालाच हेरतोय. आपल्याला काय हवं, आपलं बजेट कुठे अडतं, काय बोललं की आपला विश्वास बसतो, सगळं त्याला पाठ आहे.

आमच्या बँडची व्हिज्युअल्स मी करते. कॉलेजच्या भंगारातून आणलेला ओव्हरहेड प्रोजेक्टर, त्यावर भिंतीवरच्या घड्याळाच्या दोन फुगीर काचा, मध्ये पाणी, बेबी ऑइल आणि खायचा रंग. वरची काच बोटाने दाबली की तेलाचे बुडबुडे ठेक्यावर पसरतात, फुटतात. 1960 च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या रॉक कार्यक्रमांच्या थिएटरात जोशुआ लाइट शोवाले याच पद्धतीने तेल आणि रंग खेळवायचे. वर स्टँडला मोबाईल लावायचा, त्याचं चित्र लॅपटॉपवर ओबीएस या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचं, तिथून मागच्या पडद्यावर. खर्च जवळजवळ शून्य. पैसा लागतो तो फक्त शेवटच्या टोकाला. घरगुती 3,000 लुमेनच्या (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टरचं चित्र स्टेजवरचे झगझगीत दिवे लागले की पार धुऊन जातं. 5,000 अँसी लुमेनचा (अँसी म्हणजे ठरलेल्या प्रमाणित पद्धतीने मोजलेले) नवा घ्यायचा तर लाखाच्या पुढे, भाड्याने आणायचा तर शोचं मानधन त्यातच जातं. (खोक्यावर हजारोंनी लुमेन छापलेले स्वस्तातले चिनी डबे घेऊ नका. ‘अँसी’ हा शब्द लिहिलेला नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.) म्हणजे जुनाच बघायचा. आपल्यातले सगळे हेच करतात, त्यात हावरेपणा काही नाही.

जाहिरात अशी: सुरतेला लाइट-साउंडचा धंदा बंद करतोय, 5,000 लुमेन, 68,000 रुपये. बाजारभावाला धरून, म्हणून संशय आला नाही. मूळचा जळगावचा, मराठी स्वच्छ. लॅम्प किती तास चाललाय, लेन्स शिफ्ट (प्रोजेक्टर न हलवता चित्र सरकवणं) कुठवर जाते, सगळं न अडखळता सांगितलं. वर म्हणाला, “ताई, बारा फुटांवरून दहा फूट रुंद चित्र हवं असेल तर ही लेन्स पुरणार नाही, आधी जागा मोजा.” विकायला बसलेला माणूस स्वतःहून मालातलं उणं सांगतो तेव्हा कोण त्याला चोर समजेल?

चालू करून दाखवा म्हटलं तर लगेच तयार. फक्त आदल्या दिवशी माझीच एक क्लिप मागून घेतली, “तुमचंच काम लावून दाखवतो” म्हणून. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज तुटतो म्हणत मीटिंगची लिंक पाठवली.

तो व्हिडिओ कॉल डोळ्यांपुढून हलत नाही. खोलीत ट्यूबलाइट चालू होती. पिवळट भिंत, तिच्यावर माझे बुडबुडे, आणि बुडबुड्यांच्या मधली जागा शाईसारखी काळीकुट्ट. प्रोजेक्टर फक्त उजेड टाकतो. अंधार टाकता येत नाही. ट्यूब लागलेल्या खोलीत पिवळ्या भिंतीवरचा काळा हा भिंतीहून गडद होऊच शकत नाही. चित्राच्या कोपऱ्यात कॅलेंडर टांगलेलं होतं, त्याच्या पांढऱ्या पानावर एका बुडबुड्याचाही रंग पडला नव्हता. ते चित्र भिंतीवर नव्हतंच. माझी क्लिप त्याने भिंतीच्या व्हिडिओवर चिकटवली होती आणि व्हर्च्युअल कॅमेऱ्यातून, म्हणजे खऱ्या कॅमेऱ्याऐवजी सॉफ्टवेअरमधलं तयार चित्र कॉलमध्ये सोडून, मला दाखवत होता. ओबीएसमधलं तेच बटण मी स्वतः रोज वापरते. क्लिप आदल्या दिवशी कशाला हवी होती, ते पैसे गेल्यावर कळलं.

पण मोबाईलच्या पडद्यावर, फुटक्या नेटवर्कवर, शो तोंडावर आलेला असताना कॅलेंडरकडे कोण बघतं? आमच्या ड्रमरनेही पाहिला होता तो कॉल. त्यालाही काही खटकलं नाही.

15,000 आगाऊ. दुसऱ्या दिवशी बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा फोटो, शिक्का-सहीसकट. मग गाडीभाडं 4,350. मग गाडी नाक्यावर अडकलीय, ई-वे बिलाचं (मालवाहतुकीच्या सरकारी ऑनलाइन कागदाचं) डिपॉझिट 12,600, माल पोचला की परत. त्यानंतर फोन बंद. ई-वे बिल काढायला सरकार एक रुपयाही घेत नाही, हे लक्षात ठेवा. आणि ट्रान्सपोर्टने मागवणार असाल तर भाडं ‘टू-पे’ करायला सांगा, म्हणजे माल हातात आल्यावर द्यायचं. टाळाटाळ केली तर तिथेच फोन ठेवा.

पुढचा संताप वेगळाच. 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लागेपर्यंत संध्याकाळ झाली. आणि त्या नंबरचा सगळा उपयोग पैसे खात्यांतून काढून घेतले जाईपर्यंतच. तक्रार क्रमांक घेऊन आमच्या हद्दीतल्या ठाण्यात गेले तर “सायबरला जा”. सायबरला गेले तर “रक्कम लहान आहे, ठाण्यातच द्या”. परत ठाण्यात, तर “माणूस गुजरातचा, गुन्हा तिकडे”. दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द कोणतीही असो, असं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिलंय. ते दाखवलं तर साहेब म्हणाले, “मॅडम, पैसे तुम्हीच पाठवलेत ना?” हो, मीच पाठवले! फसवणूक म्हणतात ती यालाच. न्याय संहितेचं कलम 318 मग कुणासाठी आहे? एकाने तर विचारलं, गाण्याच्या कार्यक्रमाला प्रोजेक्टर लागतोच कशाला. माझ्या कामाची गरज त्यांना पटवून दिल्याशिवाय तक्रार घ्यायची नाही, असा काही नियम आहे का?

बँकेचंही तेच. पिन तुम्ही टाकलात, व्यवहार तुमच्या संमतीचा, रिझर्व्ह बँकेचा 2017 चा ग्राहक-संरक्षणाचा नियम तुम्हाला लागू नाही. त्याच्या खात्यात गोठवायला उरले होते 1,120 रुपये. तेही सोडवायचे तर कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. ज्याच्या नावावर ते खातं आहे त्याची केवायसी कुणीतरी केलीच असेल ना? त्याबद्दल एक जण तोंड उघडत नाही.

तुम्ही कॉलवर प्रोजेक्टर बघत असाल तर समोरच्याला लेन्सपुढे हात धरायला सांगा. बोटांवर चित्र पडलं पाहिजे, मागे सावली पडली पाहिजे. मग ट्यूब बंद करून परत चालू करायला लावा. स्वतःची क्लिप आधी देऊ नका, कॉल चालू असताना पाठवा. शक्य असेल तर त्या गावातला एखादा ओळखीचा साउंडवाला प्रत्यक्ष पाठवा, त्याला चहापाण्याचे 500 द्या.

जाहिरात अजून चालू आहे. गाव आता इंदूर, किंमत 64,000, फोटो तेच. लेन्सच्या उजवीकडे खाली तिरका लांब ओरखडा आणि मागच्या बाजूला निळ्या चिकटपट्टीवर मार्करने लिहिलेला 4 दिसला, तर तो हाच माणूस आहे. पैसे पाठवू नका, त्याचा नंबर आणि खात्याचा तपशील घेऊन तिथल्या तिथे 1930 ला कळवा.