स्विफ्टचे पुढचे ब्रेक पॅड : कंपनीचे, गर्लिंगचे की लोकल?

काउंटरवर नुसतं ‘स्विफ्टचे पॅड द्या’ म्हणून भागत नाही. भारतात २००५, २०११, २०१८ आणि २०२४ अशा चार पिढ्या आल्या. आरसीवरचा चेसिस नंबर सांगा, त्यावरून पार्ट नंबर निघतो. सेटमध्ये चार पॅड असतात, दोन्ही चाकांचे. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी ओढते.

मारुती जेन्युइन पार्ट्सचा सेट बिनघोर. मापात बसतो, आवाज करत नाही. महाग पडतो, एवढंच. खोक्यावरचं होलोग्राम आणि पार्ट नंबर मात्र तपासूनच घ्या, कारण डुप्लिकेट खोकीही फिरतात. वॉरंटी संपलेल्या गाडीला आमची पसंती टीव्हीएस गर्लिंगला. हा ब्रेक्स इंडियाचा ब्रँड, आणि ही कंपनी गाड्या बनवणाऱ्यांनाही माल पुरवते. पुण्यात नाना पेठेत दोन-तीन दुकानं फिरलात तर भावात फरक दिसेल. पक्कं बिल मात्र सोडू नका.

लोकल पॅड स्वस्त, पण नकोच. लायनर (पॅडचा झिजणारा थर) आणि मागची लोखंडी प्लेट यांच्या सांध्यावरून नख फिरवून पाहा. बारीक फट लागली तर तापल्यावर लायनर सुटायची भीती. काहींचा मसाला इतका कडक असतो की पॅड टिकतो आणि डिस्क (पॅड जिला दाबतो ती चाकाची चकती) खाल्ली जाते, म्हणजे वाचवले त्याहून जास्त गेले.

लायनर ३ मिमीवर आलं की बदलायची वेळ झाली. आतला पॅड संपलाय आणि बाहेरचा निम्मा शिल्लक आहे, असं दिसलं तर दोष पॅडचा नाही, कॅलिपरची (पॅड धरून दाबणाऱ्या भागाची) पिन जाम आहे. ती साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावायला सांगा. साध्या ग्रीसने रबर फुगतं. बऱ्याच गॅरेजांत हे काम टाळतात आणि महिन्याभरात गिऱ्हाईक ‘पॅड खराब निघाले’ म्हणत परत येतं. नवे पॅड बसवायला कॅलिपरचा पिस्टन मागे दाबताना बॉनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑइल वर येतं, सांडलं तर गाडीचा रंग जातो. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. पहिले ३०० किमी करकचून ब्रेक मारू नका.

नवा पॅड बसवण्याआधी जुन्याशेजारी ठेवून प्लेटचा आकार आणि कान जुळवा. एकदा बसवलेला सेट दुकानदार परत घेत नाही.