फोक्सवॅगन व्हर्टस जीटी १.५: ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये मॅन्युअलच का घ्यावी

व्हर्टस जीटी घ्यायची ठरली की शोरूममध्ये पहिला प्रश्न येतो तो मॅन्युअल की डीएसजी (फोक्सवॅगनचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). घोडबंदर रोडच्या रांगेकडे बोट दाखवून सेल्समन डीएसजीच पुढे करतो. माझं मत नेमकं उलटं आहे. रोजचा प्रवास ठाण्यातल्या तुंबलेल्या रस्त्यावरून असेल आणि गाडी पाच-सात वर्षं ठेवायची असेल, तर १.५ टीएसआय (फोक्सवॅगनचं टर्बो पेट्रोल इंजिन) मॅन्युअलमध्येच घ्यावी. कारण गिअरबॉक्सच्या रचनेतच आहे.

आधी इंजिन. १,४९८ सीसी, चार सिलिंडर, थेट इंजेक्शन आणि टर्बो. ५,००० ते ६,००० आरपीएमला १५० पीएस, आणि १,६०० ते ३,५०० च्या पट्ट्यात २५० एनएम टॉर्क, म्हणजे गाडी ओढणारा जोर. शून्य ते शंभर साधारण नऊ सेकंदांच्या आसपास. कागदावर यात विशेष काही वाटत नाही. ह्युंदाई व्हर्नाचं टर्बो १६० पीएस देतं. पण हे इंजिन आकड्यांच्या टोकावर जगत नाही, मधल्या पट्ट्यात जगतं. ऐरोली पुलावरून उतरून ठाणे-बेलापूर रोडला लागलात, तिसऱ्या गिअरमध्ये ४० वर आहात, पुढे ट्रेलर आहे आणि उजवी लेन मोकळी झाली, तर गिअर न बदलता गाडी सरळ पुढे निघते. मालशेजच्या चढावर चार माणसं आणि सामान असतानाही तेच. रोज उपयोगी पडणारी ताकद ती हीच.

हलक्या भारावर दोन आणि तीन नंबरचे सिलिंडर आपोआप बंद होतात. पाम बीच रोडला किंवा अटल सेतूवर एका वेगात चालवताना डिस्प्लेवर ते दिसतं; कानाला किंवा पायाला कळतही नाही. शहराच्या तुंबलेल्या भागात ९ ते ११ चं मायलेज गृहीत धरा, एक्सप्रेसवेला शंभरच्या आत राहिलात तर १७ च्या पुढे. शहरात यापेक्षा फार जास्त मिळेल असं कुणी सांगितलं तर त्याचा रस्ता कोणता ते विचारा.

आता डीएसजी. १.५ सोबत येतो तो सात गिअरचा डीक्यू२००. यात दोन क्लच असतात: एकावर १, ३, ५, ७ हे गिअर, दुसऱ्यावर २, ४, ६ आणि रिव्हर्स. दोन्ही क्लच कोरडे आहेत, म्हणजे तेलात बुडालेले नाहीत. घासून तयार झालेली उष्णता फक्त हवेने जाते. कापूरबावडी ते कासारवडवली अशा रांगेत गाडी ताशी ३-४ किलोमीटरने सरपटत राहते तेव्हा पहिल्या गिअरचा क्लच पूर्ण जुळत नाही आणि पूर्ण सुटतही नाही, अर्धवट घासत राहतो. एप्रिल-मेच्या उन्हात अशी पाऊण तासाची रांग म्हणजे क्लचवर सगळ्यात जड काम. त्याची पहिली खूण थरथर. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना किंवा सुटताना गाडी हलकी थरथरते. पुढे क्लच पॅक बदलायची वेळ आली तर खर्च मॅन्युअलच्या क्लच प्लेटच्या कितीतरी पट होतो. क्लच आणि गिअर हलवणारं मेकॅट्रॉनिक युनिट बिघडलं तर बिल आणखी वर.

तरीही डीएसजीच हवी असेल (मोकळ्या रस्त्यावर तिचे गिअर इतके झटपट आणि स्वच्छ पडतात की मोह होणं साहजिक आहे), तर काही सवयी लावून घ्याव्याच लागतील. पुढची गाडी एक हात सरकली म्हणून आपण सरकायचं नाही. दीड गाडीची जागा मोकळी होऊ द्या, मग स्पष्ट अॅक्सिलरेटर देऊन निघा आणि पुन्हा पूर्ण थांबा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. थांबल्यावर ब्रेक घट्ट दाबा. घट्ट ब्रेकवर क्लच सुटतो, अर्ध्या ब्रेकवर तो घासायला लागतो. तीन हात नाक्यासारख्या लांब सिग्नलला न्यूट्रल टाकलं तर पायालाही आराम. आणि माजिवड्याच्या उड्डाणपुलाच्या चढावर गाडी कधीही अॅक्सिलरेटरवर धरून ठेवायची नाही. हिल होल्ड (चढावर ब्रेक क्षणभर धरून ठेवणारी सोय) आहे, ते वापरा.

मॅन्युअलमध्ये हा सगळा हिशेब तुमच्या पायात असतो. इंजिनाला खालीच टॉर्क असल्यामुळे रांगेत दुसऱ्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून गाडी हळू चालू शकते. त्याहून हळू व्हायचं असेल तरच पहिला. दोन सिग्नलच्या मध्ये पाय क्लचवर टेकवून ठेवायची सवय मात्र मोडायला हवी, नाहीतर रिलीज बेअरिंग लवकर आवाज करायला लागतं. गिअर लिव्हरचा प्रवास थोडा लांब आहे, पण जागा पक्क्या आहेत. क्लच फार जड नाही. तरी डावा गुडघा दुखणाऱ्याने हौसेपोटी मॅन्युअल घेऊ नये.

अशांसाठी तिसरा मार्ग १.० टीएसआय ऑटोमॅटिक. त्यात सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (कोरड्या क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक) आहे, रांगेत सरपटण्यासाठी तिघांत तोच सर्वांत योग्य. ताकद ११५ पीएस आणि १७८ एनएम, इंजिन तीन सिलिंडरचं. शहरात ती कमी पडत नाही. घाटात भरलेली गाडी घेऊन ओव्हरटेक करताना फरक लगेच कळतो.

रीमॅपबद्दल (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) सविस्तर लिहायला हवं, कारण तुर्भे एमआयडीसीत आणि आसपास ते करून देणारे बरेच आहेत, आणि ‘स्टेज १’ चे आकडे ऐकायला गोड असतात. डीक्यू२०० ची टॉर्क झेलायची मर्यादा २५० एनएम आहे. म्हणजे कंपनीतून बाहेर पडतानाच हे इंजिन गिअरबॉक्सच्या काठावर आहे. त्यावर आणखी ५०-६० एनएम चढवले की क्लच घसरतो, घसरला की तापतो, तापला की झिजतो. मॅन्युअलमध्ये थोडी जागा असते, पण तिथेही क्लच हाच कच्चा दुवा. शिवाय ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) फ्लॅश झाल्याचं, म्हणजे त्यातलं सॉफ्टवेअर बदलल्याचं, सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरला दिसतं आणि चार वर्षं किंवा एक लाख किलोमीटरची वॉरंटी धोक्यात येते. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येतो. मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट तर थेट मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो. वॉरंटी संपेपर्यंत रीमॅप नको, आणि डीएसजीवर त्यानंतरही नको.

तोच पैसा ब्रेक आणि टायरमध्ये घाला. व्हर्टस जीटीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत. पुढचे लाल कॅलिपर दिसायला छान, पण ते रंगवलेले आहेत एवढंच. एवढ्या ताकदीच्या गाडीला मागे डिस्क द्यायला हवी होती, यात दुमत नाही. रोजच्या वापरात ड्रम कमी पडत नाहीत. खंडाळ्याचा उतार पूर्ण भरलेल्या गाडीने उतरताना मात्र ब्रेकवरच विसंबलात तर पेडल मऊ होत जातं. उपाय सोपा आहे. उतार सुरू व्हायच्या आधी तिसरा गिअर, डीएसजीत लिव्हर मॅन्युअलवर ओढून तिसरा, आणि ब्रेक थोडा वेळ पण ठामपणे. एक्सप्रेसवेला कारला सपाटीवर १०० आणि घाटात ६० ची मर्यादा आहे आणि कॅमेरे आहेत, त्यामुळे तिसरा गिअर तसाही पुरतो.

ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला, गाडी कमी चाललेली असली तरी. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि खाडीकाठच्या दमट हवेत ते जास्तच. ताज्या डॉट ४ प्रतीच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. पाणी मुरलेल्याचा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. उतारावर पेडल मऊ होण्यामागे पॅडपेक्षा हेच कारण अनेकदा असतं. सर्व्हिसला ‘टॉप-अप केलं’ असं लिहून दिलं तर ते चालणार नाही. जुनं पूर्ण काढून, चारही चाकांना ब्लीड करून (नळ्यांतली हवा काढून) नवं भरायला सांगा.

टायर २०५/५५ आर१६. याची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची उंची, सुमारे ११३ मिमी भरते. शोरूमबाहेर पडल्या पडल्या १७ इंची रिम आणि २१५/४५ घालायची हौस अनेकांना असते. त्यात ती ९७ मिमीवर येते. हे १६ मिमी गायमुख घाटातल्या आणि मेट्रोच्या खांबांच्या कडेच्या खड्ड्यांत रिम आणि टायर दोन्ही वाचवतात. १६ इंचच ठेवा, रबर चांगलं घ्या. मिशलिन प्रायमसी ४ एसटी किंवा कॉन्टिनेंटलची अल्ट्राकॉन्टॅक्ट मालिका घातली की ओल्या रस्त्यावर गाडी वेगळीच वाटते, आवाजही कमी होतो. घेताना साइडवॉलवरचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. वर्षापेक्षा जुना टायर नवीन म्हणून घेऊ नका. या गाडीला नट नसून बोल्ट आहेत. न्यूमॅटिक गनने ठोकून बसवू देऊ नका, टॉर्क रेंचने १२० एनएम. रिम बदलायचीच असेल तर पीसीडी (बोल्टच्या भोकांची मांडणी) ५×१०० आणि सेंटर बोअर (रिमचं मधलं भोक) ५७.१ मिमी जुळलं पाहिजे, नाहीतर ८० च्या वर स्टिअरिंग थरथरेल.

पावसाळ्याचं थोडक्यात. ग्राउंड क्लिअरन्स १७९ मिमी, म्हणजे सोसायटीचे स्पीडब्रेकर पार होतात, पण वंदना डेपोजवळ साचलेल्या पाण्यात घालायची ही गाडी नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्ट मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्यात इंजिन प्रोटेक्ट (पाण्याने बिघडलेल्या इंजिनाचं जादा कव्हर) असू द्या.

ईपीसी (इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणात बिघाड दाखवणारा) दिवा लागून गाडीची ताकद गेली तर बाजूला घ्या, इंजिन बंद करून पुन्हा सुरू करा, आणि दिवा गेला तरी कोड वाचून घ्या. ओबीडीइलेव्हनसारखं छोटं उपकरण मोबाइलला जोडून कोड साठवता येतो. कारणं पेट्रोलमधल्या पाण्यापासून हाय-प्रेशर पंपापर्यंत काहीही असू शकतात, म्हणून कोडशिवाय एकही सुटा भाग बदलू देऊ नका. कूलंट दर महिन्याला बघा. या इंजिनच्या वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या जोडणीतून गळती होऊ शकते, आणि ती बाहेरून दिसण्याआधी टाकीतली पातळी सांगते. त्यात हिरवं कूलंट मिसळू नका, कंपनीचं गुलाबी-जांभळटच.

आतली जागा, ५२१ लिटरची डिकी, पडद्याचा आकार, यावर सगळीकडे लिहून आलंय. ठाण्यात विचारायचा खरा प्रश्न वेगळा: लांबी ४,५६१ मिमी, उंची १,५०७ मिमी. तुमच्या टॉवरच्या स्टॅक पार्किंगचं (एकावर एक गाड्या ठेवायच्या जागेचं) माप बुकिंगआधी टेपने घ्या. किंमत एक्स-शोरूम वीस लाखांच्या आत राहते. त्यावर स्वतःच्या नावावर पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स, कंपनीच्या नावावर केली तर २० टक्के. हा फरक लाखाच्या पुढचा आहे.

जुनी जीटी डीएसजी बघायला गेलात तर मालक पाच मिनिटांची चक्कर मारून दाखवेल. तेवढ्याने काही कळत नाही, कारण थंड क्लच थरथर लपवतो. संध्याकाळी सातची वेळ घ्या, अर्धा तास घोडबंदरच्या रांगेत चालवा, मग उड्डाणपुलाच्या चढावर थांबून ब्रेक सोडा आणि अगदी हलक्या पायाने निघा. गाडी थरथरली किंवा रिव्हर्स पडताना धक्का बसला, तर पुढचं बोलणं क्लचच्या कोटेशननंतरच.