‘मरीन’ स्टिकर लावलेला ट्रकचा हिटर

डिसेंबर-जानेवारीत मुंबईहून गोव्याकडे शिडाच्या होड्या निघाल्या की रात्रीचे मुक्काम जयगड, विजयदुर्ग, देवगड असे पडतात. पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा, वाहते, केबिनच्या छताला आतून घाम सुटतो, गाद्या दमटतात. पारा १८-२० अंशांच्या खाली फारसा जात नाही, पण ओली चादर अंगावर घेऊन झोपलेल्याला ते सांगून उपयोग नाही. अशाच माणसाला हेरून ‘मरीन डिझेल हिटर’ गळ्यात मारला जातो.

एका २५ फुटी फायबरच्या होडीवर असा संच ४८,००० रुपयांना बसवला गेला. खोक्यात निघालं काय? प्लॅस्टिकची टाकी, टकटक करणारा छोटा पंप, पातळ वायर, वेटोळ्यांचा एक्झॉस्ट पाइप आणि पत्र्याचा सायलेन्सर. ट्रकच्या केबिनसाठी मिळतो तोच संच. ‘मरीन’ हा शब्द निळ्या स्टिकरवर होता. नखाने कोपरा उचलला तर खाली ‘पार्किंग हिटर’ अशी मूळ छपाई.

या हिटरची मूळ रचना वाईट नाही. छोट्या केबिनसाठी तीच योग्य, कारण ज्वाला बंद पेटीत जळते, तिला लागणारी हवा बाहेरून येते, धूर बाहेर जातो, आणि केबिनची हवा फक्त तापलेल्या पात्यांवरून फिरते. खोट आहे ती सोबतच्या सामानात.

सायलेन्सर हातात घेऊन उजेडाकडे धरा. दोन पत्रे दुमडून जोडलेले असतात, शिवण पूर्ण वेल्ड केलेली नसते, आणि खाली पाणी ठिबकायला एक बारीक भोक असतं. ट्रकमध्ये तो चेसिसखाली उघड्यावर लटकतो, तिथे काही बिघडत नाही. होडीत तोच मागच्या कप्प्यात बसतो, म्हणजे झोपणाऱ्यांपासून एका प्लायच्या फळीपलीकडे. शिवणीतून आणि भोकातून निघालेला धूर कप्प्यात साठतो आणि फटींतून केबिनमध्ये येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, मग मळमळतं, आणि सगळे म्हणतात ‘बोट लागली’. नांगरलेल्या होडीत, शांत खाडीत, एकदम सगळ्यांनाच कशी लागेल?

होडीला लागतो तो गॅसबंद, पूर्ण वेल्डचा स्टेनलेस सायलेन्सर, त्यावर उष्णतारोधक पट्टी, दुहेरी भिंतीचं स्टेनलेस स्किन फिटिंग (धुराचा पाइप होडीच्या भिंतीतून बाहेर काढणारा जोड), आणि लाट आत शिरू नये म्हणून पाइपला वर उचललेला वळसा. एकेरी फिटिंग असेल तर भोकाभोवतीचं फायबर करपतं. ज्वालेला लागणारी हवा केबिनमधून घेऊ नका.

आता खाडीतली एक गोष्ट, जी विकणाऱ्याला ठाऊक नसते. धुराचं तोंड होडीच्या पाठीमागे काढलं की झालं, असं तो सांगतो. मोकळ्या पाण्यात नांगरलेली होडी वाऱ्याला नाक देते, धूर मागे उडून जातो. खाडीत होडी पाण्याच्या ओढीला नाक देते. रात्री भरती आत शिरत असते तेव्हा नाक समुद्राकडे, आणि मतलई येते जमिनीकडून, म्हणजे पाठीमागून. धूर सरळ केबिनच्या दारात. म्हणून तोंड बाजूला, दार-खिडक्यांपासून शक्य तितकं लांब काढा, आणि पाणी फिरलं की वारा कुठून येतो ते पाहा.

दुसरी थाप आकड्याची. खोक्यावर ‘८ किलोवॅट’ असतं. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० किलोवॅट-तास ऊर्जा असते, त्यातला काही भाग धुरातून जातो. म्हणजे खरोखर ८ किलोवॅट मिळायचे तर तासाला जवळजवळ एक लिटर जळायला हवं. पुरवठ्याची नळी मापाच्या बाटलीत सोडा, पूर्ण वेगाने एक तास चालवा आणि मोजा. अर्धा लिटर संपला तर आकडा कुठून आला ते विचारा. तसंही एवढ्या केबिनला २ किलोवॅट भरपूर. मोठा हिटर सतत मंद चालवला की आत काजळी धरते आणि ऐन पहाटे पेटायला नकार देतो. सुरू होताना ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी तापकांडी) ८-१० अँपिअर ओढतो, संचातल्या पातळ वायरीत व्होल्टेज पडतं, मग ‘बॅटरी बदला’ म्हणून आणखी एक बिल. बंद करताना मेन स्विच कधी पाडायचा नाही, पंखा स्वतःहून थांबेपर्यंत थांबायचं.

‘फुकट’ दिलेला अलार्म बहुतेक वेळा धुराचा किंवा एलपीजीचा असतो. कार्बन मोनॉक्साइडसाठी तो निरुपयोगी. ईएन ५०२९१-२ हा युरोपीय मानकाचा क्रमांक पाहा, त्यातला शेवटचा २ होड्या-कॅराव्हॅनसाठी आहे. सेन्सरची मुदत छापलेली असते, तीही वाचा. टेस्टचं बटण फक्त भोंगा आणि बॅटरी तपासतं.

‘बिनज्वालेचा गॅस हिटर’ हा स्वस्त पर्याय तर अजिबात नको. ज्वाला दिसली नाही तरी तो केबिनचाच प्राणवायू खातो, आणि एक किलो एलपीजी जळली की सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन हवेत येतं. ओल घालवायला ओलच विकत घ्यायची! गळलेला गॅस हवेपेक्षा जड, तो बिल्जमध्ये, म्हणजे होडीच्या तळाच्या पोकळीत, उतरून बसतो. सिगडीबद्दल लिहायचीही गरज नसावी.

खरं तर कोकणात बहुतेकांना हिटर लागतच नाही. गादीखाली पट्ट्यांची जाळी, दोन्ही टोकांना हवेची झडप, १२ व्होल्टचा छोटा पंखा, एवढ्याने बरीच ओल जाते.

तरीही घ्यायचाच असेल तर पैसे देण्याआधी बिलावर ‘होडीच्या केबिनसाठी’ हे शब्द आणि मॉडेल क्रमांक लिहून घ्या. वरच्या संचाच्या बिलावर नुसतं ‘एअर हिटर’ होतं, आणि विक्रेता त्याच आडोशाला उभा राहिला. फसलाच असाल तर संच परत पाठवण्याआधी स्टिकर, त्याखालची छपाई आणि सायलेन्सरची शिवण यांचे फोटो काढा. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, आणि दाद लागली नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही. तोवर निदान त्या संचाचा फ्यूज काढून ठेवा, कोणीतरी पाहुणा बटण दाबतो.