आयएनएस विक्रांत (आर ११): ३६ वर्षांच्या वापरानंतर, मुख्यतः बॉयलरबद्दल

भारताच्या या पहिल्या विमानवाहू जहाजाचं टनेज, लांबी, विमानं हे सगळ्यांना पाठ आहे, म्हणून सरळ बॉयलरवर येतो.

लोक हिला सेकंडहँड म्हणतात, ते अर्धंच खरं. १९४५ साली 'हर्क्युलिस' नावानं पाण्यात उतरलेला सांगाडा युद्ध संपल्यावर अर्धवट पडून होता. तो आपण १९५७ मध्ये घेतला, बेलफास्टला पुरा करून घेतला आणि ४ मार्च १९६१ ला नौदलात दाखल केला. म्हणजे न वापरलेला, पण जुन्या मॉडेलचा माल. सौदा म्हणून वाईट नव्हता.

गोम अशी की चार बॉयलरांची वाफ दोन गिऱ्हाइकांना लागते: टर्बाइनना आणि विमान फेकणाऱ्या कॅटापुल्टला. त्यात टर्बाइनची वाफ कंडेन्सरमधून पाणी होऊन परत येते, कॅटापुल्टची हवेत जाते. प्रत्येक उड्डाणाला बॉयलरचं शुद्ध पाणी खर्च, आणि ते जहाजावरच समुद्राचं पाणी उकळून बनवायचं. हिशेबी माणसाला हे बघवत नाही.

१९७० मध्ये बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमांना, म्हणजे नळ्या जोडलेल्या जाड पिंपांना, तडे सापडले. नळी गळली तर तिची तोंडं बुजवून दिवस काढता येतात. ड्रमची गोष्ट वेगळी: नुसत्या वेल्डिंगनं भागत नाही, आणि नवा बसवायचा तर वरचे डेक कापायचे. ती सोय तेव्हा इथे नव्हती. मग पंचवीस नॉटांचं जहाज सोळाच्या आसपास चालवायचं. नुकसान फक्त वेगाचं नाही. कॅटापुल्टची फेक सोडली तर जहाजाचा वेग अधिक समोरचा वारा, एवढंच काय ते उड्डाणाचं भांडवल. बंगालच्या उपसागरात वारा पडला की पाणबुड्या शोधणाऱ्या अलीझेसारख्या बोजड विमानाची पंचाईत.

इथवर पाचपैकी एकच तारा द्यायचा असं ठरलं होतं. पण याच लंगड्या जहाजावरून १९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरपासून सी हॉक लढाऊ विमानं पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझार आणि चितगावच्या धावपट्ट्यांवर, बंदरांवर तुटून पडली आणि एकही सी हॉक गमावलं नाही. त्यामुळे बॉयलरचा तारा तसाच, जहाजाचे चार. चालवणाऱ्यांना वेगळे.

१९७९ ते ८२ च्या दुरुस्तीत बॉयलर नवे आले. पण पैसा खरा वसूल झाला तो कॅटापुल्ट काढून ९.७५ अंशांचा स्की-जंप, म्हणजे डेकच्या टोकाचा चढ, बसवल्यावर. सी हॅरियर हे लढाऊ विमान स्वतःच्या जोरावर चढ चढून उडतं, वाफेचा थेंब लागत नाही. अलीझेचं डेकवरचं उड्डाण मात्र तिथंच संपलं. १९८७ नंतर ती किनाऱ्यावरच राहिली.

३१ जानेवारी १९९७ ला निवृत्ती, मग मुंबईत तरंगतं संग्रहालय. तरंगतं हीच चूक. खाऱ्या पाण्यात उभं पोलाद ठरावीक काळानं सुक्या गोदीत घेऊन खरवडावं, रंगवावं लागतं, आणि ती गोदी कामाच्या जहाजांनाच पुरत नाही. कायमचा धक्का कधी मिळालाच नाही. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून बंद, २०१४ मध्ये ६० कोटींना लिलाव, मुंबईतल्या दारूखाना या जहाजतोडीच्या भागात तोड. त्यातलं थोडं लोखंड मोटरसायकलच्या टाकीत गेलं, थोडं मुंबईच्या नौदल गोदीच्या लायन गेटजवळच्या स्मारकात. विराट या दुसऱ्या विमानवाहू जहाजाचंही तेच. सिंधुदुर्गातल्या निवतीजवळ ८५२ कोटींच्या संग्रहालयाला मंत्रिमंडळाची मंजुरी होती, आणि जहाज २०२० मध्ये तोडायला गुजरातेतल्या अलंगला गेलं.

नवी विक्रांत, क्रमांक तोच आर ११, गॅस टर्बाइनवर चालते. बॉयलरची कटकट गेली म्हणायला हरकत नाही, पण शेजारी रशियाकडून घेतलेलं विमानवाहू विक्रमादित्य आहे: पुन्हा सेकंडहँड, पुन्हा वाफ, आठ बॉयलर. २०१२ च्या चाचण्यांत त्यातल्या सातांनी मान टाकली, कारण आतल्या उष्णतारोधक विटा. जहाज हातात यायला नोव्हेंबर २०१३ उजाडला.