पासाउ ते व्हिएन्ना सायकलने: मार्ग निवांत, पॅकेज मात्र घाईचे

जर्मनीच्या सीमेवरील पासाउ या शहरापासून ऑस्ट्रियाच्या राजधानीपर्यंत, म्हणजे व्हिएन्नापर्यंत, डॅन्यूब नदीच्या काठाकाठाने जाणारा सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचा सायकलमार्ग युरोपातील सर्वांत लोकप्रिय सायकलमार्गांपैकी एक मानला जातो. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या ‘युरोवेलो ६’ या लांबलचक मार्गाचा हा एक तुकडा आहे. बहुतेक पर्यटक तो एखाद्या सहल कंपनीमार्फत करतात. कंपनी हॉटेले ठरवते, सायकल भाड्याने देते आणि आपले सामान रोज पुढच्या मुक्कामी पोहोचवते. सोबत वाटाड्या नसतो, आपण आपल्या गतीने जायचे. आम्हीही तीच सेवा घेतली होती. अशा सेवा देणाऱ्या कंपन्या तेथे अनेक आहेत आणि त्यांच्या आखणीत फारसा फरक नाही, त्यामुळे येथे कंपनीच्या नावापेक्षा मार्गाचा आणि त्या ठरावीक आखणीचा विचार केला आहे. मार्गाला पैकीच्या पैकी गुण द्यावेत अशी त्याची योग्यता आहे. आखणीबद्दल तसे म्हणता येत नाही.

या मार्गाचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे तो जवळजवळ सपाट आहे आणि त्यामागे इतिहास आहे. वाफेच्या बोटी येण्यापूर्वी प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या मालवाहू नावा घोड्यांकडून ओढून नेल्या जात. त्या घोड्यांसाठी पाण्यालगत बांधलेल्या वाटांवरूनच आजच्या सायकलमार्गाचा बराचसा भाग जातो. पासाउपासून व्हिएन्नापर्यंत नदी दीडशे मीटरसुद्धा उतरत नाही, त्यामुळे उतारावर सायकल आपोआप पळेल अशी अपेक्षा धरू नये. पण चढही लागत नाही, आणि वारा बहुधा पश्चिमेकडून वाहत असल्याने तो पाठीशी असण्याची शक्यता अधिक असते. आमच्या गटात साठी ओलांडलेली मंडळी होती आणि त्यांच्यापैकी कोणालाही विजेच्या सायकलीची गरज भासली नाही. घाट चढण्याची हौस असलेल्या, पुणे-गोवा सायकलने करणाऱ्या मित्रांना मात्र हा मार्ग मिळमिळीत वाटेल, हे आधीच सांगितलेले बरे.

पासाउ येथे डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्यांचा संगम होतो आणि तिन्ही पाण्यांचे रंग वेगळे ओळखू येतात. नगरपालिकेच्या जुन्या इमारतीवर पुराच्या पातळीच्या खुणा कोरलेल्या आहेत. २०१३ च्या पुराची खूण पाहिली म्हणजे नदीकाठच्या मार्गाची दुसरी बाजूही लक्षात येते. तेथून निघाल्यावर पहिल्या टप्प्याचा कळस म्हणजे श्लोगेन येथील वळण. बोहेमियाच्या कठीण ग्रॅनाइटला भेदता न आल्याने नदी येथे जवळजवळ उलट्या दिशेला वळते. काठावरून ते वळण समजत नाही, त्यासाठी सायकल खाली लावून जंगलातील पाऊलवाटेने वरच्या निरीक्षणस्थळी जावे लागते. चढण दमवणारी असली तरी ती टाळू नये. या भागात डाव्या काठाचा सायकलमार्ग मध्येच संपतो आणि पुढे जाण्यासाठी लहान होडीत सायकल चढवून नदीतूनच काही अंतर कापावे लागते. होडीवाला सायकली स्वतः रचून ठेवतो, तिकीट रोखीने घेतो आणि घाई कोणालाच नसते. लिंट्झच्या अलीकडे ओटेन्सहाइम येथे दोराला बांधलेली, केवळ प्रवाहाच्या जोरावर पलीकडे जाणारी फेरीबोटही आहे. इंजिनाचा आवाज न करता पाण्यावरून सरकत जाण्याचा तो अनुभव मला त्या दिवसाच्या सायकल चालवण्याहून अधिक आवडला.

सर्व मार्ग सारखाच रम्य आहे असे माहितीपत्रके भासवतात, तसे नाही. लिंट्झ शहरात शिरताना काही अंतर मोठ्या रस्त्याला लागून जावे लागते आणि वाहनांचा आवाज नकोसा होतो. लिंट्झच्या पुढे सपाट शेतीचा प्रदेश लागतो, तेथे पूरबंधाऱ्याच्या आड नदी दिसतच नाही. क्रेम्स ते टुल्न हा पट्टाही एकसुरी आहे. त्यात लक्षात राहते ते झ्वेंटेनडोर्फचे अणुवीज केंद्र. पूर्ण बांधून झाल्यावर १९७८ च्या सार्वमतात अगदी थोड्या मतांनी नाकारले गेल्यामुळे ते कधीच सुरू झाले नाही, आणि आज सायकलस्वार त्याच्या दारावरून निर्धास्त जातात.

लिंट्झनंतर लागणाऱ्या माउटहाउझेन या गावाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण आमच्या कंपनीच्या पुस्तिकेत त्याला दोन ओळी होत्या. १९३८ मध्ये उभारलेल्या येथील नाझी छळछावणीत आणि तिच्या उपछावण्यांत मिळून सुमारे १,९०,००० माणसे डांबली गेली आणि त्यांपैकी किमान ९०,००० मरण पावली. गाव नदीकाठी आहे, छावणीचे स्मारक वर डोंगरावर आहे आणि तेथवरचा चढ या संपूर्ण प्रवासातील सर्वांत कठीण चढ ठरतो. सायकल ढकलत नेली तरी हरकत नाही, पण अर्धा दिवस हाताशी ठेवावा. कैद्यांना दगड वाहून नेण्यास लावत त्या खाणीच्या १८६ पायऱ्या पाहून लगेच पुढच्या गावातील केकच्या दुकानाकडे निघणे शक्य होत नाही. ठरावीक आखणीत याच दिवशी साठ किलोमीटरच्या आसपासचा टप्पा ठेवलेला असतो, हा माझा पहिला आक्षेप.

ग्राइनच्या पुढे दरी पुन्हा अरुंद होते. येथील भोवरे आणि खडक एकेकाळी नावाड्यांच्या धास्तीचा विषय होते; पुढे सुरुंगांनी खडक फोडले गेले, आणि १९५९ मध्ये पूर्ण झालेल्या इब्स-पेर्झेनबोइग वीजप्रकल्पाच्या बंधाऱ्यामुळे पाणी पूर्ण निवांत झाले. ऑस्ट्रियाच्या डॅन्यूबवर असे दहा प्रकल्प आहेत आणि त्यांपैकी अनेकांच्या माथ्यावरून सायकलने काठ बदलता येतो. दोन्ही काठांवर मार्ग असल्याने ही सोय मोलाची ठरते. अंतर मोजण्यासाठी काठावरचे नदीचे किलोमीटर-फलक उपयोगी पडतात. ते आकडे समुद्रमुखापासून मोजलेले असल्याने आपण जसजसे पुढे जातो तसतसे ते कमी होतात. पासाउला ते २,२०० च्या पुढे असतात आणि व्हिएन्नाच्या मुख्य पुलाजवळ १,९२९ होतात.

यानंतर मेल्क येते आणि मेल्कपासून क्रेम्सपर्यंतची वाखाउ दरी सुरू होते. २००० पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मेल्कचा बेनेडिक्टाइन मठ १७०२ ते १७३६ या काळात आजच्या बरोक रूपात बांधला गेला. त्याचे ग्रंथालय आणि नदीवरचा सज्जा पाहण्यास दोन तास अपुरे पडतात. पुढे विलेनडोर्फ आहे, जेथे १९०८ मध्ये सुमारे अकरा सेंटिमीटर उंचीची, तीस हजार वर्षांच्या आसपास जुनी स्त्रीमूर्ती सापडली. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. मग ड्युर्नश्टाइन, ज्याच्या डोंगरावरील पडक्या किल्ल्यात इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२-९३ च्या हिवाळ्यात कैदेत होता. या साऱ्याच्या मागे दगडी बांधांच्या पायऱ्यापायऱ्यांवरचे द्राक्षमळे आणि खाली जर्दाळूच्या बागा. उत्तर काठाचा मार्ग गावागावांतून, किंचित चढउतार घेत जातो. दक्षिण काठ शांत आहे आणि तेथून समोरची गावे अधिक चांगली दिसतात.

आता मुख्य तक्रार. मेल्क ते क्रेम्स हे अंतर चाळीस किलोमीटरांहून कमी आहे, आणि याच कारणामुळे पॅकेज तयार करणारे ते एका दिवसात बसवतात, काही जण तर त्याच दिवशी क्रेम्सच्याही पुढे नेतात. किलोमीटर मोजून दिवस वाटण्याची ही पद्धत येथे सर्वस्वी चुकीची आहे. सर्व प्रवासात थांबण्याजोग्या जागा सर्वांत दाट याच पट्ट्यात आहेत, आणि येथील द्राक्षबागायतदार वर्षातील ठरावीक आठवडेच आपल्या अंगणात स्वतःची वाइन आणि थंड पदार्थ देतात. दारावर डहाळी टांगलेली दिसली की आत जावे. त्यासाठी दुपार मोकळी हवी, आणि सायकल पुन्हा चालवायची असेल तर हातही आखडता हवा, कारण ऑस्ट्रियात सायकलस्वारालाही रक्तातील मद्यार्काची दर हजारी ०.८ ही मर्यादा लागू आहे. बुकिंग करतानाच श्पिट्झ किंवा ड्युर्नश्टाइन येथे एक रात्र वाढवून मागावी. कंपन्या थोड्या जादा पैशांत ती देतात, पण स्वतःहून सुचवत नाहीत.

सेवेचे इतर भाग मात्र चोख होते. सामान सकाळी नाश्त्यापूर्वी खाली ठेवायचे आणि संध्याकाळी ते पुढच्या हॉटेलात हजर असते. एकदा आम्ही आधी पोहोचलो आणि सामान दोन तासांनी आले, एवढेच. बॅगेवर वजनाची मर्यादा असते, ती आधी विचारून घ्यावी. सायकली मजबूत होत्या: रुंद सीट, मागे दोन पिशव्या, पंक्चरचे साहित्य, कुलूप. पेडल उलटे फिरवले की ब्रेक लागतो अशी सायकल तेथे सर्रास देतात. आपल्याकडच्यांना उभे असताना पेडल मागे फिरवून घेण्याची सवय असते, त्यामुळे पहिला दिवस अडखळण्यात जातो. हाताच्या दोन ब्रेकची सायकल हवी असल्यास तसे लेखी कळवावे. दिशादर्शक पाट्या इतक्या पुरेशा आहेत की नकाशा फारसा उघडावा लागला नाही.

शाकाहारी मंडळींसाठी दोन शब्द. नाश्ता भरपूर असतो, अडचण रात्री येते. सूप भाज्यांचे दिसले तरी ते बहुधा गोमांसाच्या रसात केलेले असते, म्हणून विचारल्याशिवाय मागवू नये. चीज घातलेल्या श्पेट्झले (मऊ, आखूड शेवया), पावाबरोबर लिप्टाउअर हे मसालेदार चीजचे वाटण आणि बटाट्याच्या किंवा चक्क्याच्या पारीत अख्खा जर्दाळू भरून, उकडून, तुपासारख्या परतलेल्या लोण्यातील पावचुऱ्यात घोळवलेला गोळा या तीन गोष्टींवर आमचे जेवण निभावले. तो गोळा गोड असूनही लोक जेवण म्हणून खातात आणि आम्हीही खाल्ला. लहान गावांत खाणावळी लवकर बंद होतात, आठवड्यातून एक दिवस सुट्टी घेतात आणि रविवारी किराणा दुकाने बंद असतात. शनिवारीच फळे, पाव घेऊन ठेवावेत.

व्हिएन्नात प्रवेश करतानाही हिरवा पट्टा सुटत नाही. क्लोस्टरनोयबुर्गवरून डॅन्यूब कालव्याच्या काठाने थेट शहराच्या मध्यापर्यंत येता येते, किंवा पूल ओलांडून एकवीस किलोमीटर लांबीच्या मानवनिर्मित बेटावर जाता येते. १९७२ ते १९८८ या काळात पुराचे पाणी वळवण्यासाठी नदीला समांतर दुसरा प्रवाह खोदला गेला, त्यातून निघालेल्या मातीचे हे बेट. आज तेथे लोक पोहतात, धावतात आणि सायकली चालवतात. मोठ्या शहराला नदीचा पूरही सांभाळता यावा आणि नदीकाठही वापरता यावा याचे हे उदाहरण पाहण्यासाठी व्हिएन्नात आणखी एक दिवस सायकल हाताशी ठेवावी. बहुतेक पॅकेजांत ती पोहोचल्याच्या दिवशीच परत घेतली जाते, पण भाडे वाढवून मिळते. पासाउला परतण्यासाठी थेट रेल्वे आहे आणि तिला अडीच तासही लागत नाहीत.

एप्रिलमध्ये जर्दाळू फुलतात, पण त्या सुमारास होड्यांच्या फेऱ्या मर्यादित असतात. जुलैत फळे उतरतात आणि वाखाउतील खोल्या फार आधी भरतात. मे अखेर किंवा सप्टेंबर हा काळ आम्हाला योग्य वाटला. कोणत्याही महिन्यात गेलात तरी वाखाउमधील दोन रात्री आधी पक्क्या कराव्यात आणि उरलेले मुक्काम त्यानुसार मागेपुढे करण्यास कंपनीला सांगावे.