झूम होणारे मोठे फोटो: आधीच कापलेल्या टाइल्स की इमेज सर्व्हर?

30,000 × 20,000 पिक्सेलचा फोटो जेपेग म्हणून जसाच्या तसा चढवायचा विचार सोडा. उघडताना त्याला मेमरीत सुमारे 2.4 जीबी लागतात, मोबाइलचा ब्राउझर तिथेच मान टाकतो. उरतात दोन रस्ते: फोटोचे वेगवेगळ्या झूमसाठी छोटे चौकोनी तुकडे (टाइल्स) आधीच कापून ठेवायचे, किंवा मागेल तो तुकडा त्या क्षणी कापून देणारा प्रोग्रॅम (इमेज सर्व्हर) चालवायचा. ओपनसीड्रॅगन हा वेबपेजवर झूम करून फोटो दाखवणारा फुकट व्ह्यूअर दोन्हींवर चालतो, त्यामुळे बघणाऱ्याला फारसा फरक जाणवत नाही.

खर्च: टाइल्सना साधं होस्टिंग पुरतं. इमेज सर्व्हर मात्र सतत चालू ठेवावा लागतो. कँटालूपसारखं सॉफ्टवेअर फुकट असलं तरी मशीन फुकट नसतं.

मेहनत: लिबविप्स या फोटोंवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरची डीझेडसेव्ह कमांड एका फटक्यात टाइल्स कापते. खरी डोकेदुखी पुढे. 254 पिक्सेलच्या टाइल्स धरल्या तर या एका फोटोच्या साडेबारा हजारांच्या आसपास फाइली होतात. एफटीपीने (होस्टवर एकेक फाइल पाठवायची पद्धत) त्या चढवताना मधल्या काही गळतात आणि झूम केल्यावर नेमके तेवढेच चौकोन कोरे किंवा धूसर दिसतात. झिप चढवून होस्टवरच उलगडा.

सर्व्हरला एका फोटोची एकच फाइल लागते, पण ती टाइल्ड, पिरॅमिड टिफ हवी, म्हणजे आतच चौकोनांत विभागलेली आणि लहान आकाराच्या प्रतीही सोबत ठेवणारी. साधी टिफ दिलीत तर छोट्या तुकड्यासाठीही तो भरमसाट डेटा वाचत बसतो.

बदल: रंग सुधारला की टाइल्स पुन्हा कापा, पुन्हा चढवा. सर्व्हरवर फाइल बदलून कॅशे (आधी कापून साठवलेले तुकडे) पुसला की झालं.

पाच-पन्नास न बदलणारे फोटो असतील तर टाइल्सच घ्या. हजारोंचा संग्रह असेल किंवा फोटोतला ठरावीक भाग लिंकने मागवायचा असेल, तर आयआयआयएफ (लिंकमधून फोटोचा कोणता भाग, किती मोठा हवा ते सांगायचं खुलं मानक) पाळणारा सर्व्हर.