पोलारबेस: वर्षभर वापरल्यानंतर

दुर्बिणीच्या वेळेसाठीचा माझा प्रस्ताव दुसऱ्यांदा नामंजूर झाला तेव्हा सर म्हणाले, "नवा प्रकाश मिळत नाही तर जुना बघ." जुना प्रकाश म्हणजे पोलारबेस, ताऱ्यांच्या वर्णपटांचा ऑनलाइन संग्रह. माझ्या पीएचडीचं गेलं वर्ष याच्यावरच चाललंय.

हवाईत मौना केआवरच्या ३.६ मीटर दुर्बिणीला जोडलेलं एस्पाडॉन्स आणि फ्रान्समध्ये पिक द्यू मिदीवरच्या २ मीटर दुर्बिणीवरचं नार्व्हाल, या दोन उपकरणांनी टिपलेले ताऱ्यांचे वर्णपट सार्वजनिक झाले की इथे येतात, तेही प्रक्रिया होऊन. २०१४ च्या सुरुवातीलाच २,००० तारे होते. पैसे लागत नाहीत. फाइल साधी टेक्स्ट: तरंगलांबी, तीव्रता, स्टोक्स व्ही (म्हणजे वर्तुळाकार ध्रुवण), दोन नल (तपासणीचे स्तंभ, त्यांच्याबद्दल पुढे) आणि शेवटी एरर.

जड, उष्ण ताऱ्यांची चुंबकीय क्षेत्रं शोधणाऱ्याला याचं मोल जास्त का, ते एका हिशेबात कळतं. १,००० गॉसचं (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्र वर्णपटातली ५,००० अँगस्ट्रॉमची (हे तरंगलांबीचं एकक) रेषा झीमन परिणामाने, म्हणजे चुंबकत्वामुळे रेषा फुटण्याने, साधारण ०.०१२ अँगस्ट्रॉम सरकवतं. तारा सेकंदाला १०० किलोमीटरने फिरत असेल तर तीच रेषा दोन्ही बाजूंना सुमारे १.७ अँगस्ट्रॉम पसरते. नुसती रेषा बघून काय कळणार? म्हणून वर्तुळाकार ध्रुवण मोजायचं, कारण क्षेत्राची खूण त्यात दिसते, आणि शेकडो रेषा एकत्र करून एकच सरासरी प्रोफाइल, म्हणजे रेषेचा सरासरी आकार, काढायचं. ते प्रोफाइलही इथे तयार मिळतं. पण त्यावर विसंबू नका. उष्ण ताऱ्यांत मुळात रेषा कमी, त्यातल्या काही ताऱ्यातून वाहणाऱ्या वाऱ्यामुळे उत्सर्जनाने बिघडलेल्या. मी मास्कमधून (एकत्र करायच्या रेषांच्या यादीतून) त्या एकेक करून काढल्या, त्यात दोन आठवडे गेले, आणि सिग्नल खरोखर सुधारला.

सुरुवातीलाच मी तोंडावर आपटले. बीटा सेफी प्रकारच्या एका ताऱ्याच्या स्टोक्स व्हीमध्ये मला सुरेख नागमोडी आकार दिसला. रात्री दीड वाजता सरांना आलेख पाठवला. सकाळी उत्तर आलं: "नल पाहिलास का?" (घरी हे सांगितलं तर आईने विचारलं, कुठला नळ?) चार उप-निरीक्षणं एका पद्धतीने जोडली की व्ही मिळतो, दुसऱ्या पद्धतीने जोडली की ताऱ्याचा सिग्नल उडून जातो आणि नल उरतो. तो सपाट हवा. माझा नलही नागमोडीच होता. तारा स्पंदन पावत होता, चार निरीक्षणांच्या मधल्या वेळात रेषाच हलली होती. चुंबकबिंबक काही नाही. दोन्ही नल त्याच फाइलमध्ये होते, मीच त्या स्तंभांकडे पाहिलं नव्हतं.

शिकायला सुरुवात करायची तर ज्येष्ठेच्या शेजारचा टाऊ स्कॉर्पाय घ्या. सावकाश फिरतो, सुमारे ४१ दिवसांत एक फेरी, त्यामुळे रेषा अरुंद, आणि क्षेत्र साध्या द्विध्रुवापेक्षा (पट्टीचुंबकासारख्या दोन ध्रुवांच्या क्षेत्रापेक्षा) कितीतरी गुंतागुंतीचं. मग एनजीसी १६२४-२ हा तारा. त्याचं क्षेत्र सुमारे २०,००० गॉस, इतकं की कार्बनच्या रेषांमध्ये झीमनची फूट थेट डोळ्यांना दिसते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आलेख छापून टेबलासमोर चिकटवला, अजून तिथेच आहे.

एक इशारा. उष्ण ताऱ्यांत रुंद हायड्रोजन रेषांभोवतीचा सातत्यक (रेषांखालची सलग प्रकाशपातळी) यंत्राला नीट ओळखता येत नाही. एच-अल्फा ही हायड्रोजनची रेषा अभ्यासायची असेल तर तयार नॉर्मलाइझ केलेली (सातत्यकाने भागलेली) आवृत्ती न घेता तशी न केलेली घ्या आणि सातत्यक स्वतः बसवा.

काहीच न सापडणं इथे नेहमीचं आहे. माइम्स या जड ताऱ्यांच्या चुंबकत्वाच्या मोठ्या सर्वेक्षणातही ओ आणि बी (सर्वांत उष्ण वर्गांतल्या) ताऱ्यांपैकी शंभरात जेमतेम ७ चुंबकीय निघाले. खरी मर्यादा वेगळीच: कोणी तरी, कधी तरी, दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या रात्री तुमच्या वाट्याला येतात. एचडी १९१६१२ या ताऱ्याचा परिवलनकाळ ५३७.६ दिवस आहे. असा तारा असेल तर फेऱ्यातला तुम्हाला हवा तोच भाग कोणी पाहिलेला असेल याची खात्री नाही. माझ्या ताऱ्याच्या फेज-आलेखात (एक पूर्ण फेरी म्हणजे ० ते १) ०.४ ते ०.६ चा पट्टा कोरा आहे, आणि क्षेत्र तिथेच दिशा पालटत असावं असा माझा कयास आहे. तिसऱ्या प्रस्तावात पहिली आकृती हीच टाकली आहे.